दोन किल्ल्यांची ठेव

कुलूपवाल्यांनी तो फॉर्म भरताना जी चूक केली, ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. त्यासाठी माणूस जन्मभर कुलपांत हात घालून बसलेला असावा लागतो.

दुकान विकलं त्या वर्षीची गोष्ट. बेचाळीस वर्षं ज्या वीतभर दुकानात त्यांनी किल्ल्या घासल्या आणि लोकांची अडकलेली कुलपं सोडवली, ते दुकान शेजारच्या औषधवाल्याने घेतलं आणि कुलूपवाल्यांच्या हाती एकरकमी पैसा आला. एवढा पैसा घरात ठेवू नये, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. लोकांची बंद दारं दोन मिनिटांत उघडून देणाऱ्या माणसाचा दारांवर विश्वास उरलेला नसतो. जमिनीत घाला, शेअरमध्ये घाला, तीन वर्षांत दामदुप्पट करून देतो असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्या सगळ्यांना चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं. मुदत ठेव मात्र त्यांना एका बैठकीत पटली. पैसे ठरावीक मुदतीसाठी बँकेत ठेवायचे, व्याज किती मिळणार ते पहिल्याच दिवशी पावतीवर छापून येतं, बाजार वर जावो की खाली, त्यात फरक पडत नाही, आणि मुदत भरली की मुद्दल व्याजासकट परत. मध्येच मोडली तर व्याज थोडं कापतात, पण मुद्दल जात नाही.

"म्हणजे कुलूपच की हो," ते तेव्हाच्या कारकुनाला म्हणाले होते.

ठेव दोघांच्या नावावर करायची होती, त्यांच्या आणि मुलीच्या. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. मुलगी दुकानाच्या कागदांसाठी आलेलीच होती, तीही शेजारच्या खुर्चीत घड्याळ बघत बसली होती. फॉर्मवर एक प्रश्न होता: पैसे कुणाच्या सहीने द्यावेत? खाली दोन चौकोन. दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने, किंवा दोघांच्या मिळून. कारकून म्हणाला, सगळे पहिल्यात खूण करतात. पण त्या बँकेच्या लॉकरांची कुलपं कुलूपवाल्यांनी दोनदा दुरुस्त केली होती. एक किल्ली गिऱ्हाइकाची, एक बँकेची, आणि दोन्ही फिरल्याशिवाय दार हलत नाही.

"दोन किल्ल्यांचं कुलूप केव्हाही पक्कं," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या चौकोनात ठसठशीत खूण केली. धंद्याचा अभिमान, दुसरं काय!

त्या घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. मुलीचा फोन आला की ती अर्धा तास बोलायची, शेजारणीच्या मांजरापासून गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत, आणि शेवटी रिसीव्हर कुलूपवाल्यांच्या कानाला लावायची. ते म्हणायचे, "काय, बरं आहे ना? बरं." बायको गेली आणि फोनवर ही दोनच वाक्यं शिल्लक राहिली. एकदा, ती गेल्यावर चारेक महिन्यांनी, त्यांनी धीर करून तिसरं वाक्य म्हटलं होतं.

"चिंगे, ये की दोन दिवस."

"का? काही काम आहे का, बाबा?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. काम काही सापडलं नाही. "नाही. काम असं काही नाही."

"मग बघते हं, सुट्टी मिळाली की."

सुट्टी मिळाली नाही. चिंगी वाईट मुलगी नव्हती. एका रंगाच्या कारखान्यात ती रंग जुळवायची. मागच्या डब्यातला निळा आणि या डब्यातला निळा एकच आहे ना, हे डोळ्यांनी पारखून सही करायची. वर दोन मुलांच्या परीक्षा, नवऱ्याच्या बदलत्या पाळ्या, आणि बापाचं गाव नऊ तासांच्या बसप्रवासावर. अशा बाईला बिनकामाचा माणूस सगळ्यात शेवटी आठवतो, त्यात तिचा दोष नाही. पण दोष नाही म्हणून दुखायचं थांबत नाही, आणि कुलूपवाल्यांना ते दुखलं. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

ठेवीला वर्ष झालं तेव्हा बँकेचं पत्र आलं. मुदत संपत आहे, ठेव पुढे चालू ठेवायची असल्यास दोन्ही ठेवीदारांनी समक्ष येऊन सह्या कराव्यात. कुलूपवाल्यांनी जरा घाबरतच फोन लावला.

"तुझी सही लागणार आहे गं."

"सही? बरं. गुरुवारी पोचते."

एवढं सोपं होतं! वर्षभर जे दार त्यांनी ढकलून बघायचंही सोडून दिलं होतं, ते एका सहीने उघडलं. गुरुवारी सकाळी चिंगी आली. अकराला दोघं बँकेत गेली, दहा मिनिटांत काम झालं. मग ती घरी येऊन आईच्या पलंगावर तीन तास झोपली, उठून फ्रिजमधल्या तारखा उलटलेल्या बाटल्या फेकल्या, त्यांच्या फाटक्या बनियनवरून त्यांना बोलली, रात्री भात जास्त शिजवला, आणि शुक्रवारी दुपारच्या बसने गेली. बसच्या खिडकीतून म्हणाली, "काय हा बँकेचा ताप, बाबा! दर वर्षी असंच का?"

"दर वर्षी," कुलूपवाले म्हणाले. "माझ्या वयाला वर्षापेक्षा जास्त मुदत देत नाहीत."

ही थाप त्यांच्या तोंडून कशी गेली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पण गेली ती गेली, आणि पुढच्या वर्षी त्या थापेला एक बहीण झाली. दोघांच्या सह्यांचा नियमही बँकेचाच आहे म्हणे, बदलता येत नाही. कुलपातलं आणि पैशातलं बाबांना कळतं, अशी चिंगीची लहानपणापासूनची समजूत. तिने कधी उलट विचारलं नाही. आठ वर्षं ती दर वर्षी त्याच आठवड्यात यायची, सही करायची, फ्रिज साफ करायची आणि जायची. वर्षातले अठ्ठावीस तास. कुलूपवाल्यांनी ते मोजून ठेवले होते.

उरलेलं वर्ष कसं जायचं ते कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. सकाळी स्टोव्हवर एक कप चहा. एक कप पाण्याला चहा नीट होत नाही, एक तर कडू होतो नाही तर पुचाट, हा शोध त्यांना सत्तरीत लागला. मग कोपऱ्यापर्यंत फेरी. औषधवाल्याच्या काउंटरशी, म्हणजे आपल्याच जुन्या उंबऱ्याशी, पाच मिनिटं उभं राहायचं आणि गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हायचं. दुपारी जुनी कुलपं खोलून परत जोडायची. घरात तीस-एक कुलपं होती आणि सगळी उत्तम चालत होती. संध्याकाळी रेडिओ, ऐकायला कमी आणि आवाजाला जास्त. मुदत भरायला महिना राहिला की मात्र माणूस बदलायचा. पलंगावरची गादी उन्हात पडायची, दाराच्या कडीला तेल मिळायचं, चिंगीच्या इथेच राहिलेल्या चपला घासून दारात ठेवल्या जायच्या. औषधवाला चिडवायचा, "काय कुलूपवाले, ठेव पिकली वाटतं!"

या वर्षी चिंगीचा फोन आधीच आला. "बाबा, या वेळी मी त्या बँकवाल्यांशी बोलणार आहे. असा कसा नियम? माझ्या कारखान्यातली बाई म्हणते, तिच्या आईची ठेव पाच वर्षांची आहे. काहीतरी मार्ग असेलच."

"बघू," कुलूपवाले म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनशेजारीच बसून राहिले. अठ्ठावीस तास आता हातचे जाणार होते. हे एकच त्यांना दिसत होतं.

तिच्या येण्याच्या दोन दिवस आधी ते एकटेच बँकेत गेले. जुना कारकून बदलून गेला होता. त्याच्या जागी जाड चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या, टेबलावर स्वतःच्या पैशाने आणलेलं रोपटं ठेवणाऱ्या, नव्या उत्साहाच्या. कुलूपवाल्यांनी पावती पुढे केली. बाईंनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला, कारण त्यांना समजावून सांगायला काहीतरी मिळालं होतं.

"काका, तुम्ही दर वर्षी एकेक वर्षासाठीच का ठेवता? पाच वर्षांची केलीत तर व्याजाचा दर चांगला आहे. आणि हे दोघांच्या सह्यांचं कशाला? तुमच्या सोयीसाठी कुणाही एकाच्या सहीवर करून घ्या. दोघांनी मिळून एकदा अर्ज दिला की झालं. मग मुलीला यायचीसुद्धा गरज नाही!"

बाईंनी 'गरज नाही' हे असं म्हटलं, जसं काही त्यांना बक्षीसच देत होत्या.

"बाई," कुलूपवाले पुढे वाकून हळूच म्हणाले, "परवा मुलगी येईल. तिला हे सांगू नका."

बाईंनी चष्मा सावरला. "का?"

"नका सांगू, एवढंच. ती विचारेल. जोर करेल. म्हणा की नियमच आहे."

बाईंनी एकदा पावतीवरच्या रकमेकडे पाहिलं, एकदा पुढे वाकून कुजबुजणाऱ्या म्हाताऱ्याकडे. "काळजी करू नका, काका," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मी आहे."

कुलूपवाले निर्धास्त होऊन घरी आले. बाईंना आपलं म्हणणं कळलं असं त्यांना वाटलं. कळलं होतं ते भलतंच.

गुरुवारी अकरा वाजता दोघं काउंटरशी बसली. चिंगीच्या डोळ्यांखाली प्रवासाची वर्तुळं होती. तिने पर्स मांडीवर घेतली आणि कामाला हात घातला. "मॅडम, या ठेवीचं मला जरा नीट समजून घ्यायचंय. हे दर वर्षी दोघांनी येणं जमत नाही. एकाच्या सहीवर होणार नाही का?"

"म्हणजे तुमच्या एकटीच्या?" बाईंनी विचारलं.

"माझ्या, बाबांच्या, कुणाच्याही."

"तुमच्या एकटीच्या सहीवर झाली तर तुम्ही ती कधीही मोडू शकाल."

"हो, पण मी कशाला मोडू?"

बाई कुलूपवाल्यांकडे वळल्या आणि आवाज मऊ करून, पण शेजारच्या दोन काउंटरांना ऐकू जाईल असा म्हणाल्या, "काका, तुमच्यावर घरातून काही दबाव आहे का? घाबरू नका. हवं तर यांना बाहेर बसायला सांगते."

चिंगीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला आणि मग मानेपासून वर लाल चढत गेला. शेजारच्या रांगेतला पिशवीवाला माणूस टक लावून बघत होता. "दबाव? मी?" ती म्हणाली. "बाबा, या काय म्हणतायत? तुम्ही काही सांगितलंत का यांना?"

कुलूपवाल्यांनी बाईंकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. गप्प बसले असते तर नियम नियमच राहिला असता. पुढच्या वर्षीही ती आली असती, मान खाली घालून, लोकांच्या नजरा झेलत. नऊ तास बसून आलेली त्यांची पोर एका अनोळखी बाईपुढे चोर ठरली होती, आणि ठरवली कुणी, तर त्यांनी.

"बाई, तिचा काही संबंध नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. "तिने मला कधी एक पैसा मागितला नाही. वर्षाची मुदत मी घालतो. दोन सह्या मी ठेवल्यात. नियम-बियम काही नाही, मी खोटं बोलत आलो. सही लागते म्हटलं की ती येते, म्हणून."

बाईंनी चष्मा काढला आणि उगीचच पुसायला घेतला.

"आठ वर्षं?" चिंगी म्हणाली. "आठ वर्षं मी पगारी रजा मोडून, बसमध्ये अंग आंबवून येतेय, ते सहीसाठी नव्हतंच? नुसतं ये म्हणाला असतात तर आले नसते का मी?"

"म्हणालो होतो."

"कधी?"

"तुझी आई गेली त्या वर्षी. तू विचारलंस, काम काय आहे."

चिंगीला ते आठवलं की नाही, हे कुलूपवाल्यांना कळलं नाही. बहुधा आठवलं नसावं. अशी वाक्यं बोलणारा विसरून जातो. तिने पर्सचा बंद उगीचच एकदा उघडला आणि लावला.

कुलूपवाल्यांनी नवा फॉर्म स्वतःकडे ओढला. मुदतीच्या जागी 'पाच वर्षे' लिहिलं. खालच्या दोन चौकोनांपैकी पहिल्यात खूण केली, दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने. खूण याही वेळी ठसठशीत आली. त्यांनी सही केली आणि फॉर्म मुलीपुढे सरकवला. "घे. ही शेवटची. आता तुला यायला नको."

पाच वर्षांनी ते ऐंशीला टेकले असते. हा हिशेब तिघांनीही मनातल्या मनात केला आणि कुणी बोलून दाखवला नाही. चिंगीने सही केली.

घरी येऊन ती झोपली नाही. फ्रिज साफ केला, पण मुकाट्याने. बनियन फाटकंच होतं, त्यावरूनही काही बोलली नाही, आणि कुलूपवाल्यांना ते बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं. शुक्रवारी बसच्या थांब्यावर दोघं बाकावर बसली. बस लागल्यावर ती उठली आणि म्हणाली, "बाबा, पावती कुठाय?"

त्यांनी खिशातून घडी काढली. तिने ती पर्समध्ये ठेवली.

"माझ्याकडे राहू दे. तुम्हाला कधी लागली तर सांगा. पोस्टाने नाही पाठवणार, हरवते. मी घेऊन येईन."

तिचा आता आपल्यावर विश्वास राहिला नाही, असं त्यांना वाटलं. मान हलवून ते परत फिरले. घरी येऊन कडी लावताना, तेल घातलेली ती कडी एका बोटाने सरकली तेव्हा, त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पावती पोस्टाने जायला काय बिघडलं होतं! पोरीने त्यांच्या हातात एक काम ठेवलं होतं. हवं तेव्हा फोन करायचा, पावती लागते म्हणायचं. थाप आता तिनेच घडवून दिली होती, बापाच्या मापाची. कुलूपवाले पलंगावर बसले आणि खूप दिवसांनी रडले. रडून झाल्यावर एक कप चहा केला. तो कडूच झाला.

तीन आठवडे त्यांनी फोनला हात लावला नाही. त्या तीन आठवड्यांत तीसच्या तीस कुलपं खोलून जोडून झाली. औषधवाल्याने विचारलं, "या वर्षी ठेवीचं काय केलंत?" ते म्हणाले, "पाच वर्षांची." तो म्हणाला, "वा, हे बरं केलंत." त्यांनी 'हो' म्हटलं आणि गिऱ्हाईक आल्यावर बाजूला झाले.

मग एका मंगळवारी दुपारी चार वाजता, कारखान्यात तिची चहाची सुट्टी असते तेव्हा, त्यांनी नंबर फिरवला. कारणं दोन-तीन तयार ठेवली होती. बँकेने पावती मागितली आहे. नंबर उतरवून घ्यायचा आहे. एक तर अगदीच भक्कम होतं, जन्मभर टिकलं असतं.

"हॅलो, बाबा?" मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं. "बरं आहे ना? पावती हवीय का?"

"नाही."

"मग? काही काम होतं?"

कुलूपवाल्यांनी रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला. कारणं सगळी तोंडाशी होती आणि ती त्यांनी तशीच गिळली.

"काम काही नाही, चिंगे," ते म्हणाले. "मला एकट्याला करमत नाही. तू ये."

यंत्र घरघरत राहिलं.

"या शुक्रवारी माल जायचाय, जमणार नाही," चिंगी शेवटी म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी येते. रविवारपर्यंत राहीन."

"ये."

"येताना पावती आणू?"

"कशाला?" कुलूपवाले म्हणाले. "पाच वर्षं तिचं काही काम नाही."